मेरिडातले कोरियन

आज मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मेरिडा शहरात कोरियन स्थलांतराच्या संग्रहालयात गेले होते. जागा लहान, पण पाय निघेना.

1905 साली हजाराहून थोडे अधिक कोरियन चार वर्षांच्या करारावर मेक्सिकोच्या युकातानमध्ये आले, हेनेकेन तोडायला. आपल्याकडे रेल्वेरुळांच्या कडेला दिसणाऱ्या घायपाताचं हे भावंड. पानांना काटे, आत दोरखंडाचा वाख, आणि डोक्यावर हे युकातानचं ऊन!

1909 मध्ये करार संपला. पुढच्याच वर्षी जपानने कोरिया गिळला. परतायचं कुठे? बरेच जण इथेच राहिले, काहींनी इथल्या मूळच्या माया समाजातल्या बायकांशी लग्नं केली. 1921 मध्ये तीनशेच्या आसपास माणसं उसाच्या आशेने क्युबाला गेली, तर साखरेचा भाव कोसळलेला. पुन्हा हेनेकेनच.

तरीही या हातावर पोट असलेल्या माणसांनी मेरिडात स्वातंत्र्यासाठी सुंगमू नावाची लष्करी शाळा काढली. क्युबातल्यांनी चीनमधून चालणाऱ्या कोरियाच्या हंगामी सरकारला पैसे पाठवले. त्यांना नुसतं 'बिचारे' म्हणणं मला पटत नाही.

माया लोकांचं प्राचीन शहर चिचेन इत्झा बघायला येणार असाल, तर मेरिडात एक तास या संग्रहालयासाठी नक्की ठेवा.