रुबेन्सची मारी दे मेदिची: राज्याभिषेक झाला, आता काळा पोशाख

चित्रकार रुबेन्सनं फ्रान्सची राणी मारी दे मेदिची हिच्या आयुष्यावर चित्रमालिका केली; मी ती जलरंगात उतरवतेय. त्यातलं राज्याभिषेकाचं चित्र हातावेगळं झालं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं मूळ चित्र जवळपास ४ मीटर उंच आणि सव्वासात मीटर रुंद. म्हणून जलरंगाच्या कागदाची लांब पट्टी कापून घेतली. गर्दीतले चेहरे सुचवण्यापुरतेच ठेवले आणि सगळा वेळ राणीच्या निळ्या झग्याला दिला. अल्ट्रामरीनचा वॉश (पातळ रंगाचा थर) नीट वाळू द्या, मगच त्यावर यलो ओकरनं लिलीची सोनेरी फुलं काढा. घाई केली की कडा फुटतात.

पण चित्रात जीव अडकतो तो मागच्या सज्जात. तिथे तिचा नवरा, राजा चौथा हेन्री उभा राहून सोहळा बघतोय. तारीख १३ मे १६१०. लग्न १६०० मधलं, पण अभिषेक राहिलाच होता. हेन्री मोहिमेवर निघणार, मागे कारभार राणीकडे, म्हणून तिचा अधिकार पक्का करायला हा घाट घातला. दुसऱ्याच दिवशी राव्हायाक नावाच्या मारेकऱ्यानं पॅरिसच्या रस्त्यात हेन्रीला भोसकलं. मुलगा लुई अवघा ८ वर्षांचा. पार्लमाँनं, म्हणजे पॅरिसच्या वरिष्ठ न्यायालयानं, त्याच दिवशी मारीला रीजंट, म्हणजे लहान राजाच्या वतीनं कारभार बघणारी, ठरवलं.

आता हातात आहे ते याच मापाचं पुढचं चित्र. खून रुबेन्सनं दाखवलेलाच नाही. फक्त बाण लागलेला एक साप आहे. डावीकडे देव हेन्रीला वर नेताहेत, उजवीकडे काळ्या वेशातली मारी बसलीय आणि स्त्रीरूपातली फ्रान्स तिच्या हाती राज्याचा गोल देतेय. हा काळा रंग तयार ट्यूबमधून घेऊ नका, मेल्यासारखा दिसतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून केला की रेशमाची घडी उमटते. चेहऱ्यासाठी कागदाचा पांढरा राखून ठेवलाय.

मला ही बाई आवडते. कोंचिनी या आपल्या मर्जीतल्या माणसाला डोक्यावर बसवणं तिला भोवलं: १६१७ मध्ये लुईनं त्याला मारवलं आणि आईला ब्ल्वाच्या किल्ल्यात धाडलं. १६१९ मध्ये ती तिथून रात्री निसटली, मुलाशी समेट केला आणि १६२२ मध्ये रुबेन्सला या चित्रमालिकेचं काम दिलं. मुलगा गादीवर असताना स्वतःची बाजू भिंतीवर मांडायची होती. पॅरिसमधून हकालपट्टीचं चित्र तर शेवटी बदलावंच लागलं. त्या जागी रीजन्सीतल्या सुबत्तेचं चित्र आलं.

काळा वाळला की ब्ल्वाची रात्र घेते. मशालींच्या उजेडासाठी कोणता पिवळा वापरता, नक्की सांगा.