सभासद नोंदवहीत आमची नावं कुठे आहेत?

महंत बाबांना देवाज्ञा झाली आणि वर्ष भरायच्या आत आमच्या महानुभाव पंथाच्या आश्रमाच्या कोठीला दोन कुलपं लागली. एक विश्वस्तांचं, दुसरं बाबांच्या थोरल्या शिष्याचं. पंगतीची ताटं, पातेली, सतरंज्या सगळं आत अडकलं. यंदा अष्टमीचा उपहार, म्हणजे देवाचा नैवेद्य आणि पंगत, दोन ठिकाणी झाला, एक मंदिरात आणि एक गिरणाकाठच्या मळ्यातल्या शेडमध्ये. दोन्हीकडे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजीच होती, पण सख्ख्या जावा वेगवेगळ्या पंगतीला बसल्या. मला ते बघवलं नाही.

आमचं गाव भडगाव तालुक्यातलं, कनाशीच्या बाजूचं. गावात महानुभावांची घरं मोजकीच. त्यातही दोन तट.

काही जण म्हणतात, पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्या पश्चात पंथात तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाले, फुटणं आपल्याला नवीन नाही. मला हे पटत नाही. इथे दोन्ही गट कवीश्वर आम्नायाचेच आहेत. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी यांच्या वचनांचा सूत्रपाठ तोच, पारायण तेच, रस्त्यात भेटले की ‘दंडवत प्रणाम’ही म्हणतात. भांडण आहे ते जमिनीचं आणि सहीचं. गादी गुरूकडून शिष्याकडे जाते, पण सातबाऱ्यावर नाव ट्रस्टचं आहे. बाबा हयात होते तोवर महंतही तेच आणि अध्यक्षही तेच, त्यामुळे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कुणाला जाणवलंच नाही. आता कपाशीच्या शेताचा मक्ता कुणी घ्यायचा आणि बँकेत सही कुणाची चालायची, यावर सगळं अडलंय.

कायदा तसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्याकडून दोन गेले, दोन वेगवेगळ्या याद्यांचे. म्हणजे आता चौकशी, साक्षी, तारखा. वकिलाची फी दोन्हीकडून आश्रमाच्याच माणसांच्या खिशातून. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी मंजुरी लागते, हे मी बैठकीत बोलले तर एक काका म्हणाले, “सूनबाई, तू आतमधी जाय, चहा ठेव.”

खरं दुखणं मला इथेच दिसतं. दोन्ही याद्या मी वाचल्या. एकीतही बाईचं नाव नाही. सभासद नोंदवहीतही नाही, सगळी घरं कर्त्या पुरुषाच्या नावावर. चक्रधर स्वामींनी बायकांना संन्यासाचा अधिकार दिला. मराठीची आद्य कवयित्री महदाइसा आपल्याच पंथाची, हे प्रत्येक प्रवचनात अभिमानाने सांगितलं जातं. आश्रम झाडणं, उपहाराचा स्वयंपाक, आजारी बाबांची सेवा हे कुणी केलं? आश्रमातल्या वृद्ध तपस्विनींनी, म्हणजे संन्यास घेतलेल्या बायकांनी, अख्खा जन्म इथे काढला. शेडमध्ये येता की मंदिरात राहता, असं विचारणारे निरोप त्यांना दोन्ही गटांकडून आले. त्यांतल्या एक मला म्हणाल्या, “माय, आम्हले आधी कोणी इचारं का? मी ज्या खोलीमा शे त्याच खोलीमा राहसू.” त्यांच्या खोलीचं वीजबिल खात्याच्या वादात थकलं होतं. आम्ही चार-पाच जणींनी मिळून भरलं.

मी शिष्याच्या बाजूची नाही, विश्वस्तांच्याही नाही. सासरे एका तटात, माहेरचे काका दुसऱ्या तटात. दोघांनाही मी हेच सांगितलंय की चौकशीत सभासद नोंदवही मागितली जाईल, तेव्हा ती खरी असावी. गुरूकडून पंथाचा उपदेश घेतलेल्या प्रत्येक बाईचं नाव त्यात लिहा आणि मग मतदान घ्या. आमचे अर्ज लिहून तयार आहेत. वीसेक जणींच्या सह्या झाल्यात, अंगठे वेगळे. सोमवारी ते दोन्हीकडे देणार आहोत, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.