आमची वाटचाल: ऑटोमॅटिक गाडीला मॅन्युअल गिअरबॉक्स

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपचं मूळ काम टेम्पो आणि जीपचं: गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शिअल. छोट्या ऑटोमॅटिक गाड्या नंतर येऊ लागल्या. आधी झेन आणि सॅन्ट्रो, पुढे आय10. इंजिन ठणठणीत, बॉडी चांगली, पण गिअर पकडत नाही. नवा गिअरबॉक्स मिळत नाही, जुना आणावा तर तोही तेवढ्याच वयाचा आणि उघडून करावा तर खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. अशा गाड्या भंगारात जाऊ नयेत म्हणून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याचं काम हाती घेतलं आणि आता सोलापुरात आमची ओळख त्यावरच आहे.

गाडी आली की आधी गिअरबॉक्स खरंच गेलाय का ते बघतो. ऑइल गरम करून, इंजिन चालू ठेवून डिपस्टिक तपासायची, स्कॅनर लावायचा, सोलेनॉइडची (गिअरबॉक्समधल्या ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर आणि अर्थिंग बघायचं. कमी ऑइल किंवा गंजलेला कनेक्टर एवढंच निघालं, तर तेवढंच काम करून गाडी परत देतो. मात्र डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं ऑइल दिसलं की समजायचं, रेडिएटरच्या टाकीतला ऑइल कूलर आतून फुटलाय. आपल्याकडे बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आहे, त्यानं कूलर आतून गंजतो. पाणी ऑइलमध्ये गेलं की आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. तिथं ऑइल बदलून भागत नाही.

रूपांतरात सगळ्यात महत्त्वाचा असतो सेट. सुटा गिअरबॉक्स आम्ही विकत घेत नाही. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची मॅन्युअल गाडी कटिंगला, म्हणजे सुटे भाग काढायला, आलेली असली की पुण्या-हैदराबादहून पूर्ण सेट आणतो: गिअरबॉक्स, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) आणि त्याचे बोल्ट, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, स्टार्टर, गिअरबॉक्सची माउंटिंग आणि ब्रॅकेट, पॅडल असेंब्ली, गिअर लिव्हर आणि त्याच्या केबल किंवा रॉड, स्पीड सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि त्याच्या जोडीची चावी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्लच केबल आणि ऑइल सील मात्र नवीनच. गिअरबॉक्स एकदा बसला की शंभर रुपयांच्या सीलसाठी तो पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून इथं काटकसर चालत नाही.

ग्राहकाला वाटतं एक डबा काढला, दुसरा लावला. खरी गंमत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या जागेत आहे. ऑटोमॅटिकला टॉर्क कन्व्हर्टरसाठी (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागासाठी) पातळ ड्राइव्ह प्लेट असते, तिचे बोल्ट आखूड. तेच बोल्ट जाड फ्लायव्हीलला वापरले तर क्रँकमध्ये दोन-चार आटेच धरतात आणि काही दिवसांत फ्लायव्हील सैल होऊन खडखड सुरू होते. बोल्ट मॅन्युअलचेच हवेत, आटे साफ करून, लॉकिंग द्रव लावून, कंपनीनं दिलेल्या टॉर्कला ओढलेले. ज्या मॉडेलला इनपुट शाफ्टच्या टोकाशी पायलट बेअरिंग असतं, तिथं ते आठवणीनं बसवायचं. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं कवच) दोन डॉवेल पिन, म्हणजे जोड नेमका जुळवणाऱ्या खुंट्या, जागेवर आहेत का ते हात लावून बघायचं. त्यातली एक जरी पिन नसली तर गिअरबॉक्स केसभर वाकडा बसतो, क्लच सोडताना गाडी थरथरते आणि पुढचं सील लवकर जातं. हा दोष नंतर शोधायला फार अवघड, कारण बाहेरून सगळं बरोबर दिसतं.

क्लच प्लेट अलाइनमेंट टूलनं मध्यावर आणायची, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. केबलच्या गाड्यांत पॅडलला साधारण 15 ते 25 मिलिमीटर मोकळी चाल ठेवतो. चाल नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहून प्लेट घसरते. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना करकर होते. फायरवॉलला केबलसाठी भोक पाडावं लागलं तर तिथला पत्रा मागून जाड पट्टीनं भक्कम करतो, नाहीतर पॅडल दाबताना पत्राच लवतो.

वायरिंगला आमच्याकडे वेगळा माणूस आहे. ऑटोमॅटिकच्या इनहिबिटर स्विचवरून (गिअर पार्किंगच्या पी किंवा न्यूट्रलच्या एन वर असला तरच सेल्फ लागू देणारा स्विच) स्टार्टर आणि रिव्हर्स लाइट दोन्ही चालतात. जुन्या गिअरबॉक्सबरोबर तो स्विच गेला की सेल्फ लागत नाही, म्हणून स्टार्टरची लाइन क्लच पॅडलच्या स्विचवर घेतो, रिव्हर्सची लाइन गिअरबॉक्सच्या स्विचवर. काही गाड्यांत गिअर पी मध्ये नसेल तर चावीच निघत नाही, ते लॉक काढावं लागतं. स्पीड सेन्सरचा सिग्नल ईसीयूला मिळाला नाही तर काटा शून्यावर राहतोच, शिवाय सिग्नलला थांबताना इंजिनही बंद पडू शकतं. गिअरबॉक्सचा संगणक वेगळा असेल तर काम सोपं. इंजिनाच्याच ईसीयूत असेल तर मॅन्युअलचा ईसीयू लागतो आणि इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) जुळवून घ्यावा लागतो.

गिअरबॉक्सचं ऑइल जीएल-4 दर्जाचं. जीएल-5 मधल्या काही रसायनांनी गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग झिजतात. लेव्हल प्लगमधून ऑइल पाझरू लागेपर्यंत भरायचं. रेडिएटर शक्यतो मॅन्युअलचाच बसवतो.

मग गाडी सात रस्त्याच्या गर्दीत हाफ क्लचवर चालवून बघतो आणि तुळजापूरच्या घाटात माणसं बसवून चढवतो. चौथ्या-पाचव्या गिअरला चढावर इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतेय. अशी गाडी बाहेर जात नाही.

कागदांचं काम आम्ही आधी करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये वाहनातल्या बदलांचे नियम आहेत, म्हणून आरटीओत विचारणा आणि विमा कंपनीला लेखी कळवणं झाल्यावरच गाडी जॅकवर चढते. दिव्यांग चालकासाठी अनुकूलित म्हणून नोंदलेली गाडी घेत नाही. डाव्या पायाला त्रास आहे म्हणून कुणी ऑटोमॅटिक घेतली असेल, तर त्यांनाही हे काम करू नका असंच सांगतो.

2014 मध्ये सेलेरिओ आल्यापासून एएमटीच्या (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाड्या वाढल्या. त्यांत गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच्याच बांधणीचा, वर क्लच आणि गिअर हलवणारी ॲक्च्युएटर यंत्रणा. लोक म्हणतात, मग ती काढून लिव्हर लावा. पण तिथं बिघाड बहुधा ॲक्च्युएटर, सेन्सर किंवा झिजलेल्या क्लचचा असतो. नवा क्लच टाकून स्कॅनरनं त्याचं लर्निंग केलं, म्हणजे नवा क्लच गाडीच्या संगणकाला शिकवला, की बहुतेक गाड्या सुरळीत चालतात. त्यामुळे एएमटीचं रूपांतर आम्ही करत नाही, दुरुस्ती करतो.

रूपांतर केलेली गाडी 1,000 किलोमीटरनंतर परत बोलावतो. केबल वापरानं थोडी ताणून लांबलेली असते, माउंटिंगचे बोल्ट एकदा बघावे लागतात, ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी ओल आहे का ते पुसून तपासतो. या तपासणीची मजुरी घेत नाही.