तुम्ही विचारलंत म्हणून: धूळ की धूर?

"उपग्रहाची चित्रं बघून हवेत धूळ आहे की धूर ते ओळखता, मग आज आमच्या गल्लीतली हवा कशी आहे ते सांगा की!" सोलापुरात कुठल्याही लग्नाच्या पंगतीत हे ऐकावं लागतं. जिलेबीवर लक्ष असल्याचं दाखवून मी टाळते. आता एकदाच लिहून टाकते.

ओळखता येतं. धुराचे कण बारीक. ते निळा प्रकाश लालपेक्षा बराच जास्त विखुरतात. धुळीचे कण जाड, त्यांना रंगाचं तेवढं पडलेलं नसतं. अतिनील किरण मात्र धूळही शोषते आणि धुरातली काजळीही, म्हणून एकाच आकड्यावर विसंबायचं नाही. हे मला पाठ होतं.

तरी त्या रथसप्तमीला विसंबले. आत्या मोहोळकडं वस्तीवर राहते, दम्याची. दुपारी तिचा फोन, "हळदीकुंकवाला जाऊ का गं पलीकडं?" मी 'टेरा' या उपग्रहाचं सकाळचं चित्र उघडलं. हवेतल्या कणांचा आकडा कमी. "हवा स्वच्छ आहे, जा." संध्याकाळी वाटेवरच्या फडात ऊस तुटून गेला होता आणि पाचट पेटवलं होतं. ती त्यातूनच चालत घरी आली. रात्री सोलापुरात दवाखाना, ऑक्सिजन, तीन दिवस.

बाहेर बाकड्यावर बसून मी 'अ‍ॅक्वा' या दुसऱ्या उपग्रहाचंही चित्र काढलं. तेही स्वच्छ. दोन्ही बरोबर होती! एक उपग्रह साडेदहाच्या सुमाराला गेला, दुसरा दीडच्या. पाचट पेटलं सहाला. शिवाय माझ्या चित्रातला एक चौकोन १० किलोमीटरचा, आणि आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा, आत्याच्या नाकासमोरचा नव्हे. हे आतेभावाला समजावून सांगायला गेले. तो काही न बोलता चहा आणायला गेला.

मास्क काढल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या उपग्रहाला आमचा फड दिसला न्हाई व्हय गं?"

एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी ऐटीत सांगितलं होतं, जमिनीवरचं यंत्र एका चौकाचं सांगतं, उपग्रह अख्ख्या जिल्ह्याचं. ते आजही खोटं नाही. जानेवारी २०२२मध्ये मुंबई-पुण्यावर धूळ आली, ती कुठून आली हे चौकातल्या यंत्रानं सांगितलं नसतं. पण आत्यानं जिल्ह्याचं विचारलंच नव्हतं. आणि माहीत नाही असं म्हणायला मला तेव्हा लाज वाटली, हेही खरं.

यंदा रथसप्तमीला परत तिचा फोन. म्हटलं, "आधी दारात जाऊन वास घे."

"वास मलाबी येतोय की. तू काय बघतीस ते सांग."

मी चित्र उघडलं.