सीडीची चमक झाकू नका

सीडीवर अ‍ॅक्रिलिकचा जाड थर द्यायचा, त्यावर ठिपक्यांचं मंडल काढायचं किंवा वारलीची माणसं नाचवायची आणि भिंतीला टांगायचं, हा प्रकार सध्या जिकडेतिकडे दिसतो. चित्रं सुरेख असतात, त्याबद्दल वाद नाही. पण तेच चित्र पुठ्ठ्याच्या गोलावरही तेवढंच शोभलं असतं. मग सीडी कशाला? उजेड पडला की तिच्यातून रंग फुटतात, ते पुठ्ठ्याला जमत नाही. तेच झाकायचं असेल तर सीडी हातात घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे साठा आला तो धाकट्या दिरांमुळे. ते नारायण पेठेत लग्नाचं शूटिंग करायचे. लोक पेन ड्राइव्ह मागू लागले, मग तेही मागेनासे झाले, आणि दुकान आवरताना जादा कॉप्यांच्या चळती तशाच उरल्या. ज्यांचे नंबर सापडले त्यांना त्यांनी फोन केले. बाकीच्या पिशवीत भरून आमच्या सहकारनगरच्या घरी आणल्या. "वहिनी, भंगारवाला याला हात लावत नाही. तुमच्या क्लासच्या मुलांना काही करता येतंय का बघा." प्रत्येकीवर स्टिकर, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' अशी नावं, खाली तारीख. माझं पहिलं काम म्हणजे ती नावं काढून टाकणं. कोणाचं तरी शुभमंगल आपल्या बाल्कनीत लटकावं हे मला बरं वाटत नाही.

नावं काढताना सीडीची रचना नीट कळते. आपल्याला वाटतं चमकणारी बाजू म्हणजे खालची, पण चांदीसारखा अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो वर, छापील बाजूच्या अगदी लगत, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली. बाकी सगळी जाडी, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची. म्हणून छापील बाजूला कटरने दोनतीन रेघा ओढल्या, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबून बसवली आणि एका झटक्यात ओढली, की नावासकट चांदी निघून येते. पहिल्यांदा मोठा तुकडा सुटतो, कडेची कुसळं दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीला येतात. हातात राहते काचेसारखी चकती. घरी कॉपी केलेल्या सीडीवर निळसर-हिरवट रंग मागे राहतो, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला जातो. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र लावू नका, त्यातल्या अ‍ॅसिटोनने पॉलिकार्बोनेट पांढरं पडतं.

आणि गंमत म्हणजे चांदी गेली तरी इंद्रधनुष्य जात नाही. फिकं होतं, पण असतं. कारण रंग चांदीत नसतातच. १९८२ साली बाजारात आलेल्या या तबकडीवर एकच एक वाट आतून बाहेर वेटोळी घालत जाते, आणि तिचे दोन फेरे एकमेकांपासून १.६ मायक्रॉनवर असतात. एका मिलिमीटरात सहाशेच्या वर रेघा! इतक्या बारीक रेघांवर पडलेला उजेड रंगारंगाने वेगळा होतो. डीव्हीडीवर हे अंतर निम्म्याहून कमी, ०.७४ मायक्रॉन, म्हणून तिचे रंग जास्त फाकतात. दोन्ही शेजारी धरून बघा, लगेच कळेल.

यावरून माझी वाटणी ठरली. चांदीच्या सीड्या मखराला, सोललेल्या आकाशकंदिलाला.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या घरचं मखर पुठ्ठ्याचं आहे. देवामागच्या प्रभावळीसाठी मी सीडीचे पाकळ्यांसारखे तुकडे कापते. थंड सीडी कात्रीने कापली की तडकते आणि कडेने चांदी पापुद्र्यासारखी उडते. कढत पाण्याच्या पातेल्यात मिनिटभर बुडवायची, फडक्याने पुसायची आणि लगेच कापायची. कात्री दमदार हवी. माझी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेली आहे. एका दमात पूर्ण कापायचं, मधे कात्री उघडून परत चावा घ्यायचा नाही, तिथेच चीर जाते. कडा पॉलिश पेपरवर घासून घेतल्याशिवाय तुकडा मुलांच्या हातात द्यायचा नाही आणि कापणाऱ्याने चष्मा घालायचा, हे आमच्याकडे पक्कं आहे. डीव्हीडी कापताना तिचे दोन पदर सुटतात, कारण ती मुळात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते. मी तिला शक्यतो अखंडच वापरते.

चिकटवायला ग्लू गन. गुळगुळीत प्लास्टिकवर फेविकॉल धरत नाही आणि फेव्हिक्विकने आजूबाजूला पांढरट धुरकट डाग येतो. गडद जांभळ्या कापडाने मढवलेल्या पुठ्ठ्यावर, खालून वर, कौलं रचतात तसे तुकडे एकावर एक चढवायचे. सगळे एकाच दिशेला लावले तर एकाच वेळी उजळतात आणि एकाच वेळी विझतात. थोडेथोडे वळवून लावले की बसलेल्या प्रत्येकाला वेगळा रंग दिसतो.

उजेड कुठून येतो याला फार महत्त्व आहे. मागून लावलेली एलईडीची माळ इथे वाया जाते. समोरून, तिरका, शक्य तर हलता उजेड हवा, आणि त्यासाठी समईसारखं दुसरं काही नाही. गेल्या गणपतीत सासूबाई आरतीआधी पाटावर बसून मला सांगत होत्या, "अगं, समई जरा डावीकडे घे. आता बघ, मोरपिशी मुकुटामागे आला." ज्योत हलली की सगळी प्रभावळ हलते. पुठ्ठ्यापासून समई हातभर लांब ठेवायची, हे सांगायला नकोच.

कंदिलाचं गणित उलटं. दिवा आत असतो, म्हणून चांदीची सीडी उजेड अडवते. सोललेल्या चकत्या कामट्यांच्या चौकटीत बसवल्या, मधल्या भोकावर पतंगाच्या कागदाची फुलं लावली, की दिव्याभोवती रंगांची कडी दिसते. झिरमिळ्यांऐवजी खाली तंगुसाने लहान तुकडे टांगते. भोक पाडायला हातड्रिल, आणि कडेपासून बोटाच्या पेराएवढं आत, नाहीतर वाऱ्याने कड फुटते.

कबुतरं पळावीत म्हणून पुष्कळ जण बाल्कनीत सीडी लावतात. आमच्या सोसायटीतली कबुतरं चार दिवसांत सरावली. पण दुपारी भिंतीवर फिरणारे रंग बघायला मला आवडतात, म्हणून माझ्या सीड्या अजून तिथे आहेत.

क्लासमधल्या मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते मात्र सजावटीतलं नव्हतं. बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला कटरने बारीक फट पाडायची, दुसऱ्या टोकाला आत सीडी तिरकी बसवायची आणि वरच्या भोकातून तिच्यावर बघायचं. तारेच्या जुन्या बल्बकडे फट धरली तर रंग एकात एक मिसळलेले, सलग पट्टा. जुन्या, एलईडी नसलेल्या ट्यूबलाइटकडे धरली तर रंग सुटेसुटे, त्यात हिरवी रेघ ठळक. एक मुलगी म्हणाली, "ताई, दोन्ही उजेड पांढरेच दिसतात, मग आतून वेगळे कसे?" त्यानंतर पोरं खोकी घेऊन जिन्यातले, देवघरातले, समोरच्या मेडिकलच्या पाटीचे दिवे बघत फिरली. सूर्याकडे फट धरायची नाही, हे मी आधी बजावलं होतं आणि तुम्हीही बजावा. ग्रहणाच्या वेळी तर सीडी डोळ्यांशी धरूच देऊ नका.

उरलेलं जाळायचं नाही. प्लास्टिकचा धूर घरात नको, गच्चीतही नको. चुरा आणि सोललेली चांदी बाटलीत बंद करून, वर 'धारदार' असं लिहून सुक्या कचऱ्यात देते, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंचे हात कापत नाहीत. अखंड उरलेल्या सीड्या ई-कचऱ्याच्या संकलनाला जातात. दिरांच्या पिशवीत अजून बऱ्याच आहेत, दिवाळीचे कंदील सुरू करायच्या आधी सोलून ठेवायच्यात. कोणाला शिकायचं असेल तर शनिवारी दुपारी या, कात्री आपापली आणा.