खंडेनवमीची क्रेन

आमच्या चाळीच्या मंडळात नवरात्राचे नऊ दिवस देवी बसायची, पण आम्हा पोरांचा जीव अडकलेला असायचा तो नवव्या दिवसात. खंडेनवमीला सकाळी सात वाजता चाळीतल्या अण्णांच्या क्रेनला आंघोळ घातली जायची. बादल्या मंडळाच्या, पाणी चाळीच्या नळाचं आणि चिंध्या ज्याच्या त्याच्या घरच्या. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला फक्त पुढचा बंपर आला होता. चाकं पुसायला मिळाली ती चौथीत गेल्यावर, आणि तो दिवस मला माझ्या कुठल्याही वाढदिवसापेक्षा चांगला आठवतो.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या पाठीमागे, किसननगरच्या अंगाला आमची चाळ. घरटी एक तरी माणूस इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला. त्यामुळे पूजेच्या पाटावर बाबांचा मापं घ्यायचा व्हर्निअर असायचा, शेजारच्या काकांचे पाने आणि ग्राइंडिंगचा चष्मा, शिंपीकाकांची कात्री, आईची विळी, वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंचा स्टेथोस्कोप. आणि या सगळ्यांच्या मागे, कुठल्याच पाटावर न मावणारी, पिवळीधमक क्रेन. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना झेंडू आणि भाताच्या लोंब्या, पुढच्या चाकांखाली लिंबं. पूजा झाली की अण्णा एकदा इंजिन चालू करायचे, लिंबं चिरडली जायची, आणि मग शिरा-पुरी.

ही क्रेन म्हणजे मुळात लष्कराचा शक्तिमान ट्रक. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून हे ट्रक बनू लागले. कंपनीचं नाव ट्रकच्या नावातच गुंफलेलं आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत जवान, दारूगोळा आणि रसद वाहिली ती या ट्रकांनी. आमच्या गाडीच्या पाटीवर साल होतं १९७२, म्हणजे ती युद्धानंतर जन्मलेली. अण्णांनी ती ऐंशीच्या दशकात पुण्याकडच्या एका लिलावात घेतली, जशी आहे तशी आणि जिथे आहे तिथून उचलायची या अटीवर. लष्करात कंडम ठरली होती. अण्णा म्हणायचे, "मिल्ट्रीचं कंडम म्हंजे आपलं निम्मं आयुष्य बाकी."

आणि ते खरंच होतं. चारही चाकांना ताकद, लो गिअर, चिखलातून निघेल अशी चेसिस. वजन ओढायला याहून भलं काय मिळणार? अण्णांनी मागचा हौदा काढून गर्डरचा बूम, म्हणजे क्रेनचा हात, चढवला, चेन पुली बसवली, वायर रोप ओवली. अशा गाड्यांना तेव्हा नाक्यानाक्यावर काम होतं. अण्णांच्या उस्तादांकडे तर दुसऱ्या महायुद्धातली कॅनडाची फोर्ड होती, पुढची काच वरून पुढे झुकलेली. युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकलेल्या अशा गाड्यांवरच आपल्याकडे कितीतरी लोकांनी धंदा उभा केला. गाड्याच कशाला, आपल्या ठाणे जिल्ह्यात अख्खं गाव तसं आहे. कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. बराकींची घरं झाली. मला त्या गावातून जाताना दरवेळी आमची क्रेन आठवते.

शक्तिमान देशभर असेच पांगले. मेघालयात, जयंतियाच्या डोंगरांत त्यांनी कोळसा वाहिला, ईशान्येच्या जंगलांत लाकूड ओढलं. आमच्या वाट्याला घोडबंदर रोड आला.

त्या रस्त्यावरचा गायमुखचा घाट ज्यांनी जुन्या दिवसांत पावसाळ्यात पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. चढावर लोडेड गाडीचा अॅक्सल तुटला की मागे रांग थेट कासारवडवलीपर्यंत. एका खंडेनवमीला ऐन आरतीच्या वेळी नाक्यावरच्या टपरीवाल्याचा पोऱ्या धावत आला: घाटात ट्रेलर आडवा झालाय, दोन्ही बाजू बंद. अण्णांनी आरती पुरी होऊ दिली. कापूर विझल्यावर हात जोडले आणि चढले गाडीत. काकू म्हणाल्या, "अहो, हार तरी काढा." अण्णा म्हणाले, "हार ऱ्हाऊ दे. आज तिचा सण हाय."

त्या दिवशी महाप्रसाद कुणाच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळ झाली, गरब्याची गाणी लागली, तरी आम्ही पोरं रस्त्याच्या तोंडाशी बसून होतो. रात्री नऊच्या पुढे तो ओळखीचा आवाज आला. झेंडू काळा पडला होता, लोंब्यांचा पत्ता नव्हता, एका आरशाची काच गेली होती. अण्णा उतरले ते थेट देवीपुढे गेले आणि नमस्कार करून तिथेच पायरीवर बसले. काकूंनी ताट आणून दिलं. ते जेवत असताना माझ्या बाबांनी ग्रीसची डबी घेतली आणि अंधारात, बॅटरीच्या उजेडात, क्रेनच्या निपल्सना ग्रीस भरत बसले. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे हायड्रॉलिक क्रेन आल्या. अण्णांची पाठ गेली. इस्टेटमधले कारखाने बंद होऊन त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, पाटावरची अवजारं कमी झाली. गाडीची नोंदणीही संपली आणि ती मैदानाच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून उभी राहिली. पूजा मात्र एकदाही चुकली नाही. इंजिन चालू व्हायचं थांबलं, एवढंच.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या मीटिंगमध्ये तरुण पोरांनीच विषय काढला: या वर्षी मोठा देखावा नको, ते पैसे क्रेनला लावू. मी माहेरी आले होते. खुर्ची ओढून पुढे बसले. दोन वर्षं, दर रविवारी काम चाललं. इंजिन जाम होतं. डिझेल फवारणारे नोझल काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतून आठवडाभर ठेवलं, मग पहारीने फ्लायव्हील इंच-इंच हलवत सोडवलं. शक्तिमानचं उत्पादन १९९६ मध्येच थांबलेलं. जे मिळालं ते कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात. जे मिळालं नाही ते निवृत्त टर्नर काकांनी लेथवर बनवलं. किंगपिनचे बुश त्यांनी गनमेटलचे काढले. बाबांचा व्हर्निअर त्या दिवशी पाटावरून उचलला गेला आणि बऱ्याच वर्षांनी कामाला लागला.

मागचा डिफरन, म्हणजे अॅक्सलच्या मधला गोळा, धुताना वीत-वीत ग्रीस निघालं आणि खाली पांढरा रंग दिसला. पोरांना वाटलं, कुणीतरी प्रायमर मारून सोडून दिलाय. चाळीतले निवृत्त फौजी काका काठी टेकत आले, वाकून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगितलं, रात्री काफिला निघतो तेव्हा हेडलाइट बंद असतात. गाडीच्या पोटाखाली एक बारीक दिवा असतो, तो या पांढऱ्या गोळ्यावर पडतो. मागचा ड्रायव्हर तेवढाच ठिपका बघत गाडी चालवतो. वरून विमानाला काही दिसत नाही. "किती रात्री मी हाच ठिपका बघत काढल्यात," ते म्हणाले. पोरांनी तो गोळा पुन्हा पांढरा रंगवला. रंगवायला ब्रश काकांच्या हातात दिला.

खरा वाद झाला तो अंगाच्या रंगावरून. घासताना थर उघडे पडत गेले: वर पिवळा, त्याखाली निळा, मग रेड ऑक्साइड आणि तळाशी लष्कराचा हिरवा. अर्ध्या मंडळाला हिरवाच हवा होता. बूम काढा, हौदा बसवा, मूळ रूप द्या. एकाने नियम वाचून दाखवला: केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. दुसऱ्याने विचारलं, मग व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का? तीही वाट नव्हती. २०२१ चे व्हिंटेजचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत, ट्रकला त्यांत जागाच नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. ज्या गाड्यांनी देश ओढला, त्यांना वारसा म्हणायची सोय कागदावर नाही.

पण नियम नसता तरी माझं मत पिवळ्यालाच होतं, आणि मी ते मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं. ही गाडी फौजेत जेमतेम दहा-बारा वर्षं होती. आमच्याकडे तिने त्याच्या दुपटीहून जास्त काम केलं, घाटात, पावसात, रात्री-अपरात्री. बूम काढला तर गायमुख पुसला जाईल. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर ऐकत होते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तेव्हा म्हणाले, "पिवळाच मारा. पण आतून दाराला हातभर जागा सोडा, समदे रंग दिसू द्या." ती जागा सोडली आहे. दार उघडलं की चारही थर दिसतात, झाडाच्या खोडावर वर्षं दिसावीत तसे.

गेल्या खंडेनवमीला ती मैदानातच शंभरएक पावलं चालवायची ठरली. सकाळी आंघोळ झाली. बंपर माझ्या भाचीकडे होता. पाटावर विळी, कात्री, व्हर्निअर आणि या वेळी दोन लॅपटॉपही होते. सेल्फ मारला, इंजिन नुसतंच फिरलं. डिझेल लाइनने एअर धरली होती. पोरांनी बोल्ट सैल करून हातपंपाने बुडबुडे काढले, डिझेलची सलग धार आली तसा बोल्ट कसला. पुन्हा सेल्फ. काळ्या धुराचा एक लोट आला आणि ती लागली. काकूंनी तोंडाला पदर लावला. लिंबं चिरडली गेली.

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. आम्हाला वाटलं, त्यांना भरून आलंय. थोड्या वेळाने त्यांनी हाताने पोरांना जवळ बोलावलं.

"तिसऱ्या नंबरचा नोझल टपकतोय. खोला."

शिऱ्याची ताटं मडगार्डवर ठेवून पोरांनी बॉनेट उघडलं.