डिक्कीतला कलश आणि बारा व्होल्ट

पौषातली सकाळ. निफाडकडे पारा उतरला की नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या बॅटरीच्या दुकानात सातपासूनच फोन सुरू होतात, "सेल्फ उचलत नाही." बॅटरीच्या प्लेटा झिजतात उन्हाळ्यात, पण ती झीज उघडी पडते थंडीत. 23 वर्षं हेच बघतोय. त्या दिवशीचा फोन मात्र वेगळा होता. "दादा, इलेक्ट्रिक गाडी आहे, दारंच उघडत नाहीत. वडिलांच्या अस्थी डिक्कीत आहेत."

मीटर, केबल आणि एक चार्ज केलेली बॅटरी घेऊन दुकानातल्या पोराला मागे बसवलं आणि कन्नमवार पूल ओलांडून पंचवटीत पोचलो. कल्याणहून आलेलं कुटुंब, धर्मशाळेत मुक्कामाला. अस्थी मुक्कामाच्या जागी आत नेत नाहीत, म्हणून कलश गाडीतच ठेवलेला. नऊ वाजता रामकुंडावर गुरुजी थांबणार होते आणि हेल्पलाइनवाल्यांनी दुपारचा वायदा दिला होता. आई गाडीच्या मागच्या काचेवर हात ठेवून उभ्या होत्या. मुलगा सारखा एकच सांगत होता, "रात्री 70 टक्के चार्जिंग होतं हो!"

ते खरंच होतं. 70 टक्के होतं ते तळातल्या मोठ्या, लिथियमच्या बॅटरीत. पण दारांची लॉकं, स्क्रीन, गाडीचा कॉम्प्युटर हे सगळं पेट्रोल गाडीसारखंच 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं. मोठी बॅटरी गाडीला जोडणारा कॉन्टॅक्टर नावाचा जाडजूड स्विचसुद्धा तीच ओढते. ती मेली की तिनशेहून जास्त व्होल्ट खाली नुसते पडून राहतात.

रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी चावी काढून पुढचं दार उघडलं, बॉनेट उचललं. नारिंगी केबली दिसताच पोरगा दोन पावलं मागे सरला. बरोबरच केलं त्यानं. नारिंगीला आपण हात लावायचा नाही, गाडी बंद असली तरी नाही. आपलं काम कोपऱ्यातल्या काळ्या डब्यापाशी. त्याच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला होता. मीटर लावलं, 10.4. सहा सेलची बॅटरी, एकेक सेल साधारण 2.1 व्होल्टचा, म्हणजे भरलेली असती तर 12.6 दिसायला हवे होते. दोन व्होल्ट गायब म्हणजे एक सेल गेलेला. मुलाला डिक्कीचं बटण दाबायला सांगितलं, तर काटा सहावर आला आणि आतून नुसती टकटक.

"पण काल दिवसभर काहीच जाणवलं नाही," तो म्हणाला.

इथंच खरी मेख आहे. पेट्रोल गाडीत सेल्फ मारताना बॅटरीला क्षणभर शे-दीडशे अँपिअर द्यावे लागतात. बॅटरी थकली की सेल्फ कण्हायला लागतो, आठवडाभर आधी मालकाला कळतं. इलेक्ट्रिक गाडीत सेल्फच नाही. थोड्याशा करंटवर काम भागतं, म्हणून बॅटरी शेवटपर्यंत निभावून नेते आणि एका थंड रात्री काही न सांगता जाते. चार वर्षांत गाडीच्या चार सर्व्हिसिंग झाल्या होत्या. एकदाही या छोट्या बॅटरीला मीटर लागलेलं नव्हतं. वर विकताना सांगितलेलं, "बॅटरीकडं आठ वर्षं बघू नका." ती आठ वर्षांची वॉरंटी मोठीची! हा फरक गिऱ्हाइकाला नीट सांगत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

माझी बॅटरी जोडली. आधी प्लसला प्लस, मग मायनस बॉडीच्या लोखंडाला. मुलानं गाडी चालू केली. स्क्रीन उजळली आणि तळातून एकच घट्ट आवाज आला, टक्. कॉन्टॅक्टर बसला होता. मीटर 14.1 वर चढलं. पेट्रोल गाडीत बॅटरी चार्ज करायचं काम इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर करतो, इथं मोठ्या बॅटरीतला करंट कन्व्हर्टरमधून उतरून छोटीला चार्ज करायला लागतो. तो आवाज मी पूर्वीही ऐकलाय, पण त्या दिवशी अंगावर काटा आला.

डिक्की उघडली. पांढऱ्या फडक्यात बांधलेला कलश आईंनी उचलून छातीशी धरला. मी आणि पोरानं चपला काढल्या. पावणेनऊ झाले होते. ते सगळे चालतच कुंडाकडे गेले, मुलानं चावी माझ्याच हातात दिली.

सेल गेलेल्या बॅटरीचा भरवसा नसतो, म्हणून दुकानातून त्याच मापाची नवी मागवली. गाडी बंद करून आधी मायनस सोडला, टर्मिनल गरम पाण्यानं धुऊन पुसले, नवी बसवून शेवटी मायनस कसला. जुनीतलं शिसं वितळून पुन्हा कामाला येतं, म्हणून तिचे पैसे बिलातून वजा केले.

अकराच्या सुमाराला ते ओल्या कपड्यांनी परतले. आई म्हणाल्या, "वेळेत झालं हो, भाऊ." मी नव्या बॅटरीवर मार्करनं तारीख लिहिली आणि मुलाला सांगितलं, तीन वर्षं झाली की दर दिवाळीआधी हिला मीटर लावून घ्यायचं, गाडी कितीही चांगली चालत असली तरी. त्यानं मोबाइल काढून त्या तारखेचा फोटो घेतला.